हत्या लागली कोणाला?

आमची आजी कोणाची तरी गोष्ट सांगता सांगता मधेच आवाज खाली करून म्हणायची, "तुह्या आज्याले हत्या लागली होती." लहानपणी मला वाटे, आज्याने माणूस मारला. पुढे कळलं, वासरू होतं.

साल तिला सांगता येत नसे. माझे वडील रांगत होते एवढी तिची खूण. धानाचे कट्टे भरलेली बंडी घेऊन आजा रात्री गोंदियाच्या मिलकडे निघाला होता. बैलांना रस्ता पाठ, धुरकरी आजा पेंगलेला. वाटेतल्या गावाजवळ कोणाचं तरी वासरू सडकेवर बसलं होतं. चाक त्याच्या अंगावरून गेलं. बंडीच्या चाकाला लोखंडी धाव असते आणि वर दहा-बारा कट्टे. आवाजानेच आजा जागा झाला. खाली उतरला, बैल सोडले आणि उजाडेपर्यंत त्या वासराजवळ बसून राहिला. रात्रीची वेळ, कोणी पाहिलं नव्हतं. सकाळी गावात जाऊन त्यानेच सांगितलं, "माह्या बंडीखाली आलं."

पंचांनी काय ठरवलं ते आजी बोटांवर मोजून सांगे. मेलेल्या वासराचं दावं गळ्यात घालायचं. पाच गावं भीक मागायची, आणि मागताना माणसासारखं बोलायचं नाही, दारात उभं राहून हंबरायचं. मग वैनगंगेत आंघोळ, आणि शेवटी जातीला जेवण. हंबरणं आज्याने केलं, आंघोळही केली. जेवणासाठी मात्र तळ्याखालची एक बांधी विकावी लागली. ती बांधी आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. पंच भात वरपून घरी गेले.

हे आमच्याच घरचं नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात जातीजातीखाली अशा नोंदी आहेत. गाय मेली, मांजर मेली, कुठे कुठे खार मेली, तरी माणूस काही काळ जातीबाहेर. जखमेत किडे पडले तरी जातीबाहेर. म्हणजे दोष हेतूला चिकटत नसे, घडण्याला चिकटे. झालं ना तुझ्या हातून? मग लागली हत्या. मांजरीचा दर तर सगळ्यांना ठाऊक: सोन्याची मांजर करून दान द्यायची. आमच्याकडे नाकातल्या फुलीपुरतंही सोनं निघण्याची मारामार. मांजर आडवी गेली की बंडी थांबवायची, या चालीमागे अपशकुनापेक्षा सोन्याचा हिशेब असावा असा मला जुना संशय आहे.

मी गुरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. लागलो तेव्हा आम्हाला स्टॉकमन म्हणत, निवृत्त झालो तेव्हा पशुधन पर्यवेक्षक. देवरी, सडक अर्जुनी, गोरेगाव, आमगाव असे तालुके फिरलो. निम्मी नोकरी भंडारा जिल्ह्यात झाली आणि निम्मी गोंदियात, कारण १ मे १९९९ ला जिल्हाच वेगळा निघाला. गाडीखाली आलेलं जनावर बघायला मला किती वेळा बोलावलं गेलं, त्याची मोजदाद नाही. पण प्रत्येक वेळी सडकेवर एकच वाद ऐकला: चूक कोणाची? आज्याच्या पंचांपुढे हा वाद नव्हता. तो आणला आगगाडीने.

१८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे मीटर गेज गेली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ती लाईन ब्रॉडगेज केली आणि गोंदिया नावाच्या खेड्याचं पुढे जंक्शन झालं. रूळ गेले ते गायरानांतून आणि धानाच्या बांध्यांमधून. गायकी ढोरं घेऊन ज्या वाटेने रोज जाई, तीच वाट आता रुळांनी कापलेली. इंजिनाच्या पुढे लोखंडी जाळी असे, काऊकॅचर. नाव गाय पकडण्याचं, काम तिला बाजूला फेकण्याचं. आणि १८९० चा रेल्वे कायदा बघा. त्याच्या १२५व्या कलमात कुंपण घातलेल्या रुळांवर भटकणाऱ्या ढोरांबद्दल दंड होता, दर डोक्यामागे पाच रुपयांपर्यंत. भरायचा कोणी? ढोराच्या मालकाने. वर १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याखाली, म्हणजे आपल्या कोंडवाड्याच्या कायद्याखाली जे निघेल ते वेगळं. ज्याने धडक दिली त्याच्या गळ्यातलं दावं निघालं आणि ज्याची गाय मेली त्याच्या गळ्यात पडलं. इंजिनाला कोण जातीबाहेर टाकणार?

छोट्या लाईनचा न्याय जरा वेगळा होता, हे सांगितलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे नॅरोगेज गेली. ती गाडी इतकी सावकाश चाले की ड्रायव्हर शिट्टी मारत मारत म्हशीच्या मागे येऊन उभा राही, आणि फायरमन उतरून तिला हाकली. हे मी स्वतः बसून पाहिलंय. वेग कमी असला की धर्म पाळायला सोपा जातो.

मोटारीचा इतिहास मात्र विचित्र आहे. विलायतेत १९३० च्या वाहतूक कायद्याने ड्रायव्हरवर बंधन घातलं की घोडा, गुरं, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी किंवा कुत्रा यांना धडक बसली तर थांबायचं, नाव-पत्ता द्यायचा, नाहीतर पोलिसांत कळवायचं. मांजर त्या यादीत नव्हती, सोन्याचीही नाही. आपल्याकडे १९३९ ला मोटार वाहन कायदा आला, पुढे १९८८ चा आला. त्यातलं १३४ वं कलम जखमीला उपचार मिळवून द्यायला सांगतं, चोवीस तासांत ठाण्यात कळवायला सांगतं, पण कोणी माणूस जखमी झाला किंवा परक्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर. जनावराचं नाव त्या कलमात नाही. गाय ही मालमत्ता म्हणूनच आत शिरली तर शिरणार. आणि मालमत्तेच्या नुकसानीला विम्यातून मिळणारी त्या कायद्यातली मर्यादा होती ६,००० रुपये. पुढे पुढे तेवढ्यात बैलजोडीतला एक बैलही येत नसे.

दंडसंहितेत दर आणखी जुने. १८६० साली ४२८ आणि ४२९ ही कलमं आली. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय मारली तर किंमत कितीही असो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बाकीचं जनावर पन्नास रुपयांच्या वरचं असेल तरी तेवढीच, आणि दहा रुपयांच्या वरचं असेल तर दोन वर्षांपर्यंत. हे दहा आणि पन्नास रुपये ३० जून २०२४ पर्यंत कायद्यात तसेच होते. आता न्याय संहितेच्या ३२५व्या कलमात कोणतंही जनावर आलं, किमतीचा हिशेब गेला. पण मुद्दाम किंवा जाणूनबुजून केलं पाहिजे, ही अट जुनीही आणि नवीही. मुंबईत २०२० साली जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलखाली मरीन ड्राइव्हवर कुत्रा आला, पोरगा स्वतःही पडला, आणि पोलिसांनी गुन्हा त्याच्यावरच लावला. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तो रद्द केला. बेदरकार गाडी चालवण्याची ती कलमं माणसाच्या जिवासाठी आहेत, आणि मारायचा हेतू इथे नव्हता, असं म्हटलं. वर सरकारला २०,००० रुपये त्या पोराला द्यायला लावले. निकाल बरोबरच आहे. अपघात हा गुन्हा नव्हे. पण आज्याच्या पंचांपुढे हे बोलून बघा!

माझा स्वतःचा अपघात १९८९ चा. पाऊस धरला होता, रोवणे चालू होते. सौंदडकडून राजदूत मोटारसायकलवर येत होतो, त्या वेळच्या सहा नंबर हायवेने. हाच रस्ता इंग्रजांच्या काळात ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून नागपूरहून रायपूरला गेला, आता त्याला त्रेपन्न नंबर म्हणतात. पुढच्या ट्रकने उडवलेलं पाणी तोंडावर आलं, आणि चाकाखाली काहीतरी मऊ गेलं. मी थांबलो नाही. खोटं कशाला सांगू? गुरांच्या दवाखान्यातला माणूस मी, आणि दोन फर्लांग तसाच गेलो. मग मागे वळून आलो. का वळलो ते आजही नीट सांगता येणार नाही.

तांबडा कुत्रा होता, गळ्यात सुतळी. सुतळी म्हणजे कोणाचा तरी. मागचे पाय हलत नव्हते. मी दुपट्टा काढून त्याच्या तोंडाला बांधला, कारण दुखण्यातला कुत्रा मालकालाही चावतो. हा दुपट्टा बांधायचा तो तोंडातून रक्त येत नसेल आणि श्वास नीट चालू असेल तरच. ओठ वर करून हिरडी पाहिली. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत लाली परत यायला पाहिजे. आली नाही. हिरडी पांढरी, म्हणजे रक्त आत वाहतंय. लोक अशा वेळी धावत जाऊन पाणी आणतात आणि तोंडात ओततात. ओतू नये, ते फुफ्फुसात जातं. पायांना धरून उचलूही नये. फळी मिळाली तर फळीवर, नाहीतर रिकाम्या कट्ट्यावर हळूच सरकवून घ्यावं आणि पाठ हलू देऊ नये. हे सगळं मी केलं, आणि उपयोग झाला नाही.

सडकेच्या कडेला एक डोकरी भजी तळत असे. कुत्रा तिचा. ती आली, खाली बसली, त्याच्या कानामागे हात फिरवला. मी खिशातून पन्नासची नोट काढली. तिने नोटेकडे पाहिलं नाही. म्हणाली, "कुत्रा तं गेला. पन तू काऊन थांबलास रे बाबू? इथं कोनी थांबत नाई." याला काय उत्तर द्यायचं? मग तिनेच कुदळ आणून दिली. ओल्या मातीत खड्डा लवकर झाला. निघताना म्हणाली, "घरी जाऊन आंग धू, मंगच लेकराले हात लाव." माझं प्रायश्चित्त एवढ्यावर भागलं. पुढे जाता-येता तिच्याकडे भजी खायची सवय लागली. वर्षभराने तिच्या चुलीजवळ नवीन पिल्लू दिसलं. नाव विचारलं तर हसून म्हणाली, "राजदूत."

या तीस-पस्तीस वर्षांत सडक पालटली. ट्रॅक्टर आले, हार्वेस्टर आले, बैल कमी झाले. गायकी मिळेनासा झाला, त्यामुळे सकाळी ढोरं आखरावर जमतच नाहीत, सोडून दिली की संपलं. कोंडवाड्याच्या भिंती कित्येक गावांत नावापुरत्या उरल्यात. पावसाळ्यात गोठ्यात चिखल आणि मच्छर, डांबर मात्र कोरडं आणि ऊबदार, म्हणून रात्री गाई सडकेवर येऊन बसतात. काळी म्हैस तर दिव्यांच्या उजेडातही शेवटच्या क्षणी दिसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका कारने वाघाला उडवलं. लंगडत झाडीत शिरणारा तो वाघ सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिला. वनखातं धावलं, नागपूरला हलवायची तयारी झाली, तो वाचला नाही. त्याच रस्त्यावर कुत्री, बकऱ्या, वासरं रोज चिरडली जातात. त्यांचा व्हिडिओ कोण काढणार?

गाडी न थांबवण्याचं कारण मला सगळे एकच सांगतात: "मारतील." खरंच मारतात काही ठिकाणी. गावाजवळ गाय मेली की जमाव जमतो आणि किंमत चढत जाते, मरतुकडी भाकड गाय मेल्यावर दहा लिटर दुधाची होते. अशा वेळी मी सांगत आलो की गाडी सडकेच्या कडेला घे, दिवे लुकलुकू दे, पोलिसपाटलाला नाहीतर ११२ ला फोन लाव आणि माणसं येईपर्यंत काच वर ठेव. पण फोन केल्याशिवाय जाऊ नको.

निवृत्त झालो तरी फोन येतातच. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला आला. गावातलाच पोरगा, नवीन कार. "काका, गाय आली गाडीखाली. काय करू?" मी नेहमी पहिलं हेच विचारतो, "तू कुठून बोलतोस?" कारण निम्मे लोक घरी पोचून, गाडी धुऊन विचारतात. तो म्हणाला, "इथंच उभा हाय, सडकेवर."

मग पुढचं सांगायला सोपं गेलं. तिच्या मागच्या पायांकडे जाऊ नको. शिंगांच्या बाजूलाही नको, पाठीकडून जा. १९६२ ला फोन कर, फिरता दवाखाना कुठे आहे ते कळेल. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावर बारा आकडे असतात, ते वाच. पोरगा मोबाइलचा टॉर्च धरून एकेक आकडा वाचू लागला. गाय कान हलवी, त्याचा आकडा चुके, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मी वहीत लिहीत होतो. आठ की तीन, यावर आमचा बराच वेळ गेला. मागे गाय एकदा हंबरली आणि पोरगा गप्प झाला.

"वाच पुढं," मी म्हटलं.