वास, परवाना आणि विवेक

29 मे 1951 ची रात्र. मुंबईच्या कुलाबा भागात एका जीप गाडीचा धक्का लागून तिघे जण खाली पडले. गाडी चालविणारे गृहस्थ वाहतूक खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. पोलिसांना त्यांच्या तोंडाला दारूचा वास आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तो आला. परंतु बोलणे सुसंगत होते, चाल सरळ होती, आणि हा मनुष्य मद्याच्या अमलाखाली आहे असे म्हणण्यास डॉक्टर तयार नव्हते. आरोपीचे म्हणणे इतकेच, की आपण बी. जी. फॉस नावाचे एक शक्तिवर्धक औषध घेतले होते.

या वासाचा निवाडा करण्यासाठी अखेर सर्वोच्च न्यायालयाचे घटनापीठ बसले. पेसिकाका खटला या नावाने तो आम्हा वकिलांच्या परिचयाचा आहे. एका घोटाच्या चौकशीला एवढा विस्तार का मिळाला, हे समजावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

मुंबई इलाख्यात 1878 साली आबकारी कायदा झाला. त्याचे उद्दिष्ट लोकांनी पिऊ नये हे नव्हते. त्यांनी सरकारला कर देऊन प्यावे, हे होते. ताडीच्या झाडावर कर बसला, घरच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या, विक्री मक्तेदाराच्या दुकानात आली. 1892 च्या मोहाच्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडील आदिवासी जी मोहाची फुले वेचून खात असत आणि ज्यांची दारूही गाळीत असत, त्या फुलांवरच निर्बंध आले. जे पिढ्यानुपिढ्या वहिवाटीने चालत आले होते, ते एका रात्रीत गुन्हा झाले. आणि जो गुत्ता पूर्वी गावात नव्हता, तो सरकारच्या सहीशिक्क्याने उभा राहिला.

या व्यवहारातील विसंगती महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 सालीच दाखविली होती. शहरात दारूची नवी दुकाने उघडण्यास त्यांनी लेखी हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी एका हाताने पैसा खर्च करावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्याच आरोग्याचा नाश करणाऱ्या धंद्यास मोकळीक द्यावयाची, हे कसे, असा त्यांच्या हरकतीचा रोख होता. पुढे 1908 मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील गुत्त्यांवर निरोधन झाले. दारूबंदी ही अशा रीतीने परकी तिजोरीविरुद्धची चळवळ बनली. पिणाऱ्याच्या दोषाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पाजणाऱ्या सरकारच्या दोषाकडे त्या पिढीचे लक्ष होते.

स्वराज्य आले आणि प्रश्नाचे तोंड फिरले. पाजणारे परके सरकार गेले होते. उरला तो पिणारा. घटना समितीत 24 नोव्हेंबर 1948 रोजी दारूबंदीच्या तत्त्वावर चर्चा झाली. आदिवासींच्या वतीने जयपाल सिंग यांनी विरोध केला, तो त्यांच्या धार्मिक विधींत तांदळाच्या मद्याला स्थान आहे म्हणून. कोल्हापूरचे प्रा. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेवरून हरकत घेतली. तरीही तत्त्व संमत झाले. तेच आज घटनेचे 47 वे कलम होय. औषधी उपयोगाचा अपवाद मात्र त्यात राहिला; आणि त्याच लहानशा फटीतून पुढचे सारे खटले बाहेर आले.

मुंबई राज्याने त्यापूर्वीच पाऊल टाकले होते. 1939 साली बाळासाहेब खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात बंदीचा प्रयोग केला होता. 1949 साली त्यांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाने मुंबई दारूबंदी कायदा केला आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर संपूर्ण बंदी आली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. बेळगाव त्या काळी मुंबई राज्यात होते, बडोदे संस्थानही नुकतेच त्यात विलीन झालेले; म्हणून या पानांच्या अनेक वाचकांच्या घरांतून त्या दिवसांच्या आठवणी आजही निघतात. सीमेपलीकडे पोर्तुगीज गोव्यात मात्र काजूच्या भाट्या पेटलेल्याच होत्या. एका डोंगराच्या अलीकडे जो गुन्हेगार, तो पलीकडे केवळ गिऱ्हाईक.

या कायद्याला पहिले मोठे आव्हान दिले ते बलसारा नावाच्या एका नागरिकाने. व्हिस्की-ब्रँडीपासून यू-डी-कोलोनपर्यंत सारे बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक कायदा कायम ठेवला; परंतु ज्यांत मद्यार्क आहे अशी औषधे व प्रसाधने वापरण्यावरील बंदी अवैध ठरविली. पिण्यास म्हणून जे तयार केलेले नाही, ते वापरण्यापासून नागरिकाला रोखता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. या निकालानंतर अवघ्या चारच दिवसांनी कुलाब्यातील ती जीप पोलिसांनी अडविली.

खालच्या न्यायालयाने आरोपीस सोडले. उच्च न्यायालयाने दोषी धरून तुरुंगवासाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न साधा पण मूलभूत होता. तोंडाला वास आला, म्हणजे मद्यार्क पोटात गेला हे खरे. पण तो निषिद्ध दारूचा की मोकळ्या औषधाचा? आणि हे सिद्ध कोणी करावयाचे? 1954 साली बहुमताने निर्णय झाला, की गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवरच आहे. नुसता वास पुरेसा नाही. आरोपी निर्दोष सुटला.

मोठा निर्णय, यात शंका नाही. नागरिकाने आपल्या श्वासाचा हिशेब पोलिसांना द्यावा, ही कल्पना त्याने नाकारली. परंतु सरकारने 1959 साली दुरुस्ती करून उत्तर दिले: रक्तात शेकडा 0.05 किंवा त्याहून अधिक मद्यार्क सापडल्यास, तो औषधाचाच होता हे आरोपीने सिद्ध करावे. न्यायालयाने ज्या खांद्यावरून ओझे उतरविले, त्याच खांद्यावर कायदेमंडळाने ते पुन्हा ठेवले.

या साऱ्या वादात एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. त्या रात्री तिघे जण रस्त्यावर पडले होते. पण कायद्याच्या इतिहासात अमर झाले ते बी. जी. फॉस, ते तिघे नव्हेत. बाटलीत काय होते, यावर न्यायशास्त्राने ग्रंथ रचले. पिणाऱ्याच्या हातून दुसऱ्याचे काय झाले, हा प्रश्न मागे राहिला. दारूबंदीच्या कायद्याचा मूळ दोष मला इथे दिसतो. तो कृत्याकडे पाहत नाही, पोटाकडे पाहतो.

पुढे साठीच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी सैल केली आणि परवान्याचे युग आले. आजही, कायद्याचे नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले असले तरी, महाराष्ट्रात पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. तो किती जण काढतात, हे वाचकांना मी सांगावयास नको. जो कायदा प्रतिष्ठित माणूस रोज सहज मोडतो, तो कायदा केवळ दुबळ्यावर चालतो. आणि ज्याच्या खिशात परवाना आहे, त्याला वाटते की आपली जबाबदारी त्या कागदाने उचलली. गुजरातेत बंदी कायम राहिली. तरीही 2009 साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. पण परवान्याच्या महाराष्ट्राने त्यांना हसू नये. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत तितकाच आकांत झाला. गरिबाच्या घोटात मिथेनॉल घालणाऱ्याला ना बंदीने रोखले, ना परवान्याने.

मग मुक्त सोडावे काय? गोव्याचे उदाहरण पुष्कळ जण देतात. 1961 च्या मुक्तीनंतर तेथे बंदी आली नाही. 1964 च्या अबकारी कायद्याने परवाने व कर यांची चौकट घातली. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रेंदेराचा धंदा तेथे लज्जास्पद नाही, ही चांगलीच गोष्ट. परंतु ‘माझा पैसा, माझा पेला’ हे वाक्य मी वकिलीत ज्या पुरुषांच्या तोंडून ऐकले, त्यांच्यापैकी अनेकांच्या बायका पोटगीचा अर्ज घेऊन त्याच कचेरीच्या व्हरांड्यात बसलेल्या होत्या. स्वातंत्र्याचा युक्तिवाद त्यांच्यासमोर करताना माझी जीभ अडखळते.

म्हणूनच मला दोन तरतुदी या दीर्घ इतिहासातील खऱ्या प्रगतीच्या वाटतात. एक, 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन गाडी चालविणे हा गुन्हा. येथे प्रश्न औषधाचा की दारूचा हा नाही; सुकाणू हाती असताना दुसऱ्याच्या जिवाशी तू खेळलास काय, एवढाच आहे. कुलाब्यातील ते तिघे अखेर कायद्याला दिसले. दुसरी, महाराष्ट्रातील ‘आडवी बाटली’: गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिल्यास दारूचे दुकान बंद होते. येथे दिल्ली-मुंबईचा मंत्री नव्हे, तर ज्यांच्या घरात त्या दुकानाची झळ पोहोचते, त्या स्त्रिया निर्णय करतात. आणि बंद होते ते दुकान, कोणाचे पोट तपासले जात नाही.

फुल्यांचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. मद्यावरील कर आज अनेक राज्यांच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. जे सरकार त्या पैशावर चालते, त्याने पिणाऱ्याला जबाबदारीचे पाठ देण्यापूर्वी स्वतःचा हात तपासावा. आणि पिणाऱ्यानेही समजावे, की परवाना फार तर शिपायापुढे दाखविता येतो. घरी वाट पाहणाऱ्यांपुढे त्याची किंमत शून्य आहे.