हुजूर दप्तरातील सालअखेरचे हिशेब

एखादा जुना रुमाल हाती आला, की संग्राहक प्रथम पत्रे निवडतात व हिशेबी कागद बाजूस टाकतात. आमच्या मते ही मोठी चूक होय. पेशवाईत वसुलाचे साल मृगापासून धरीत. कमाविसदार महालाची जमा करी, त्याजवर दरखदारांची नजर असे. पुढे हे हिशेब हुजूर दप्तरी येत. पुण्याच्या एकबेरीज दप्तरात साऱ्या राज्याची जमा, खर्च व शिल्लक दाखविणारा वार्षिक तर्जुमा तयार होई.

इ. स. १८०० त नाना फडणीस वारले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याचा प्रघात वाढविला; एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात त्याचे वर्णन आहे. मक्त्याची रक्कम भरली, की मक्तेदाराने रयतेकडून किती घेतले हे पाहण्याचे सरकारास अगत्य उरले नाही. दप्तराची शिस्तही ढासळली. तेव्हा या काळच्या हिशेबांतील खंड हाही एक पुरावाच समजावा. खासगी संग्रहांतील ताळेबंद रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. रयतेने काय भरले याची साक्ष कदाचित तेवढ्याच कागदांत उरली असेल.