खोसा समाज : सरकत्या सीमेचा शंभर वर्षांचा संघर्ष

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतातील ग्रॅहॅम्सटाउन या शहराचे २०१८ मध्ये 'मखांडा' असे नामांतर झाले. कर्नल जॉन ग्रॅहॅमने १८१२ मध्ये सुमारे २० हजार खोसांना या परिसरातून फिश नदीपलीकडे हुसकावले होते, तर मखांडा या खोसा नेत्याने १८१९ मध्ये याच गावावर चढाई केली होती. ती फसली. शरण आलेल्या मखांडाला रॉबेन बेटावर कैदेत ठेवण्यात आले आणि तेथून निसटताना तो समुद्रात बुडाला. पुढे याच बेटावर खोसाभाषक नेल्सन मंडेला यांनीही दीर्घ कारावास भोगला.

खोसा हे बांटू भाषाकुळातील शेतकरी आणि पशुपालक. विवाहातील देज गुरांच्या रूपाने दिले जाई आणि पूर्वजांना बळीही गुरांचाच. केपकडून पूर्वेला सरकणारे डच वसाहतवालेही गुरेच राखत. त्यामुळे दोघांचे डोळे एकाच कुरणांवर होते. १७७९ मध्ये पहिली ठिणगी पडली आणि पुढील शंभर वर्षांत नऊ युद्धे झाली.

१८०६ पासून केप इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर या चकमकींचे रूप पालटले. आता पिके जाळणे, गुरे हाकून नेणे आणि रिकाम्या केलेल्या भूमीवर वसाहत करणे, असा क्रम ठरून गेला. १८२० मध्ये सुमारे चार हजार ब्रिटिश वसाहतकरी आणून सीमेवर वसवण्यात आले. १८३५ मध्ये राजा हिंत्सा वाटाघाटींसाठी इंग्रज छावणीत गेला; तेथे त्याला अडकवून ठेवण्यात आले आणि पळताना गोळी घालून ठार करण्यात आले. त्याच्या मृतदेहाचीही विटंबना झाली. १८४७ मध्ये सीमा थेट केई नदीपर्यंत पोहोचली.

यानंतरची घटना इतिहासकारांना आजही अस्वस्थ करते. १८५३ च्या सुमारास युरोपातून आयात केलेल्या बैलांबरोबर गुरांच्या फुप्फुसांचा साथीचा रोग आला आणि खोसांची गुरे पटापट मरू लागली. १८५६ मध्ये नोंगकावुसे या किशोरवयीन मुलीने पूर्वजांचा निरोप सांगितला : गुरे मारा, धान्य नष्ट करा, पेरणी करू नका, मृत पूर्वज निरोगी गुरांसह परत येतील. हिंत्साचा पुत्र राजा सारहिली याने त्यावर विश्वास ठेवला. इतिहासकार जेफ पेरिस यांच्या अंदाजानुसार सुमारे चार लाख गुरे मारली गेली आणि ४० हजार माणसे भुकेने मेली. याला केवळ अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे. परंतु आठ युद्धे, गमावलेली भूमी आणि डोळ्यांदेखत मरणारी गुरे यांचा विचार केल्याखेरीज हा विश्वास उमगत नाही.

गव्हर्नर जॉर्ज ग्रे याला मात्र दुष्काळात संधी दिसली. अन्नाच्या शोधात आलेल्या हजारोंना मजुरीचे करार करून गोऱ्यांच्या शेतांवर धाडण्यात आले आणि ओस पडलेल्या जमिनी वसाहतकऱ्यांना वाटण्यात आल्या. सीमेवरील खोसांची प्रतिकारशक्ती संपली होती. म्हणूनच १८५७ च्या उठावात इंग्रजांना भारतात कुमक हवी होती, तेव्हा ग्रेला केपमधील पलटणी इकडे पाठवता आल्या.

नववे युद्ध १८७७-७८ मध्ये झाले. त्यात पराभूत झालेल्या सारहिलीचे राज्य गेले. तो १८९२ मध्ये परागंदा अवस्थेतच मरण पावला.