तळटीप : पहारा आणि काला

१२. ‘पहारा’ : बेलापूर परिसरातल्या अखंड हरिनाम सप्ताहातला हा शब्द राखणदारीचा नव्हे. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणून गावकरी पाळीपाळीने ती गळ्यात घालून उभे राहतात. ही पाळी म्हणजे पहारा. पाळी बदलताना वीणेकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि नामात खंड न पडता वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. वय, मान, जमीनजुमला, काहीही आड येत नाही; सप्ताहाचे खरे मोठेपण मला इथेच दिसते. पहाटे काकडा, मग पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन हा क्रम वाचकांच्या परिचयाचा आहेच.

श्रीरामपूर तालुक्यातल्या सराला बेटाचा, गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह श्रावणात दरवर्षी नव्या गावी भरतो. पंगतीसाठी भाकरी आसपासच्या गावांतून घरोघरी भाजून येतात; आमटी मात्र सप्ताहाच्या ठिकाणीच मोठ्या कढयांत शिजते.

‘काला’ : समाप्तीला काल्याच्या कीर्तनानंतर वाटायचा दही-लाह्यांचा प्रसाद. जपानी शिंतो विधींतला ‘नाओराई’ याच्या फार जवळचा : देवापुढे ठेवलेली साके आणि अन्न विधीनंतर सगळ्यांनी मिळून घ्यायचे. तिकडच्या उत्सवाला ‘मात्सुरी’ म्हणतात, देवाच्या पालखीला ‘मिकोशी’. तीही खांद्यावरूनच निघते. क्योतोचा प्रसिद्ध गिओन मात्सुरी इ.स. ८६९मध्ये साथ हटावी म्हणून केलेल्या विधीतून सुरू झाला. – संपा.