जुन्या पिकअप ट्रकचे पुनरुज्जीवन

जुन्या पिकअप ट्रकचे पुनरुज्जीवन म्हणजे वापरातून बाद झालेला, गंजलेला किंवा नादुरुस्त पिकअप ट्रक सुटा करून, त्याचे भाग दुरुस्त करून अथवा बदलून तो पुन्हा चालण्याजोगा आणि शक्य तितका मूळ स्वरूपात आणण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेत हे काम हौस म्हणून घरच्या गॅरेजमध्येही केले जाते. साधी दुरुस्ती वाहन चालू ठेवण्यापुरती असते. पुनरुज्जीवनात वाहनाचे ऐतिहासिक स्वरूप जपणे हेही उद्दिष्ट असते.

पार्श्वभूमी

पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा अशी रचना असलेल्या हलक्या मालवाहू वाहनास पिकअप ट्रक म्हणतात. शेव्हरोलेने १९४७ मध्ये बाजारात आणलेली व १९५५ पर्यंत चाललेली ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका हौशी कारागिरांमध्ये विशेष लोकप्रिय आहे. तिच्यातील ‘३१००’ हा अर्धा टन वर्गातील ट्रक होय. त्यात १९५३ पर्यंत २१६ घन इंचांचे (सुमारे ३.५ लिटर) आणि १९५४ पासून २३५ घन इंचांचे (सुमारे ३.९ लिटर) सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे इंजिन बसवले जाई. केबिन, मडगार्ड आणि हौदा हे भाग स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बोल्टने जोडलेले असतात व इलेक्ट्रॉनिक भाग नसतात. त्यामुळे हा ट्रक साध्या पान्यांनी बराचसा सुटा करता येतो.

जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत वाहनांची जुळणी केली होती.

तपासणी व सुटे करणे

कामाचा आरंभ तपासणीने होतो. केबिनचे मागील खालचे कोपरे, दरवाज्याखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि केबिन सांगाड्यावर टेकते त्या जागा येथे पाणी व चिखल साचून गंज आधी धरतो. वरून रंग चांगला दिसला तरी आत केवळ लांबी भरलेली असू शकते. लोहचुंबक अशा जागी नीट चिकटत नाही. सांगाडा वाकलेला किंवा आरपार गंजलेला असल्यास खर्च व श्रम अनेक पटींनी वाढतात. म्हणून खरेदीपूर्वी सांगाडा पाहणे सर्वांत महत्त्वाचे मानतात.

सुटे करताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून बोल्ट, वायसर आणि लहान भाग चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवतात. घरगुती प्रकल्प अर्धवट राहिल्यास नोंदींअभावी पुढे जोडणी जवळजवळ अशक्य होते.

इंजिन

अनेक वर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टरने फिरवत नाहीत. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडतात, काही दिवस मुरू देतात आणि मग क्रँकशाफ्ट हाताने हळूहळू फिरवतात. २१६ घन इंचांच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडमध्ये ‘बॅबिट’ हा मऊ मिश्रधातू थेट ओतलेला असतो. तो झिजल्यास पातळ पत्र्याच्या चकत्या कमी करून ढिलेपणा काढतात; झीज अधिक असल्यास बॅबिट नव्याने ओतावा लागतो व ते काम विशेष कारागिराकडेच द्यावे लागते.

विद्युत यंत्रणा

या मालिकेत ६ व्होल्टची यंत्रणा आहे. तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टच्या तुलनेत दुप्पट विद्युतप्रवाह लागत असल्यामुळे तिला जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग आवश्यक असते. बारीक केबल किंवा गंजलेला जोड हे स्टार्टर मंद फिरण्याचे नेहमीचे कारण होय. काही जण यंत्रणा १२ व्होल्टची करतात; तसे करताना दिवे व इग्निशन कॉइल बदलावे लागतात आणि दर्शकांसाठी दाब कमी करणारे उपकरण जोडावे लागते.

ब्रेक व सुरक्षितता

चारही चाकांना ड्रम ब्रेक असून मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एका ठिकाणी गळती झाली तरी चारही ब्रेक निकामी होतात. म्हणून इंजिन सुरू होताच ट्रक रस्त्यावर न आणता प्रथम नळ्या, चाकांवरील सिलिंडर आणि रबरी भाग बदलतात.

जुन्या रंगात शिसे आणि ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे कोरडी घासाई करणे किंवा ड्रममधील धूळ हवेच्या दाबाने उडवणे आरोग्यास घातक ठरते. धूळ ओलसर करून पुसतात व योग्य मुखवटा वापरतात. रिकाम्या वाटणाऱ्या पेट्रोल टाकीतील वाफेचा वेल्डिंगच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ॲडव्हान्स डिझाइन मालिकेतील १९४९ पासूनच्या ट्रकांत टाकी केबिनमध्ये आसनामागे असते. त्यामुळे केबिनच्या पत्र्याचे काम करण्यापूर्वी ती बाहेर काढणे अनिवार्य ठरते. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली जाणे हेही धोकादायक असून भक्कम स्टँडचा आधार आवश्यक असतो.

मूळपणाचा प्रश्न

वाहनाचे किती भाग बदलले म्हणजे ते ‘मूळ’ राहत नाही, हा या क्षेत्रातील वादाचा विषय आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा) २०१२ मध्ये स्वीकारलेली ‘तुरिन सनद’ जतनाला प्राधान्य देते. एका मतानुसार मूळ झिजलेला रंगही त्या वाहनाच्या इतिहासाचा पुरावा असतो व नव्या रंगाने तो कायमचा नष्ट होतो. दुसरे मत नियमित वापर आणि सुरक्षिततेला महत्त्व देऊन दुहेरी मास्टर सिलिंडर, डिस्क ब्रेक यांसारख्या सुधारणांचे समर्थन करते. काढलेले मूळ भाग जपून ठेवणे आणि मागे फिरवता येतील असेच बदल करणे हा मध्यममार्ग अनेक जण स्वीकारतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. वैयक्तिक वापरातील ५० वर्षांहून जुनी दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. अशी वाहने नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाहीत.

सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले वाहन या व्याख्येत बसत नाही. म्हणजेच अतिउत्साहाने केलेले काम नोंदणीच्या आड येऊ शकते. शिवाय पिकअप ट्रक बहुधा मालवाहू वाहन म्हणून नोंदलेला असतो. त्यामुळे नोंदणीपुस्तकातील वर्ग आणि परिवहन कार्यालयाची भूमिका काम सुरू करण्यापूर्वीच तपासणे आवश्यक ठरते.