गायनशाळेचे दार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एखाद्या सामान्य घरातील मुलास गाणे शिकण्याची इच्छा झाली, तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न सोपा नव्हता. विद्या घराण्यात होती आणि घराणे म्हणजे खरोखरीचे घर होते. उस्तादाचा मुलगा, पुतण्या, फार तर जावई, येथवर तिचा वारसा पोहोचे. बाहेरच्याने त्या घरात शिरायचे तर वर्षानुवर्षे सेवा करावी, पाणी भरावे आणि गुरूची मर्जी लागेल त्या दिवशी एखादी चीज पदरात पडली तर ती आपले भाग्य समजावे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्याल शिकण्यासाठी घरदार सोडून ग्वाल्हेरला गेले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती गायकी दक्षिणेत घेऊन आले. त्यांची निष्ठा थोर खरी. पण ज्या विद्येसाठी प्रत्येकाने बाळकृष्णबुवा व्हावे लागते, ती विद्या सर्वांची होत नाही.

या स्थितीला पहिला मोठा धक्का मुंबईत किंवा पुण्यात बसला नाही. तो बसला बडोद्यात. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. राजवाड्यात पाऊल टाकीपर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. सयाजीराव गायकवाडांच्या शिक्षणविषयक तळमळीचे मूळ शोधू पाहणाऱ्याने हा तपशील विसरू नये. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे हाती आल्यानंतर पाच वर्षांच्या आत, १८८६ साली, त्यांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते मौलाबक्ष. आज सूरसागर तलावासमोर बडोदे विद्यापीठाची संगीत, नृत्य आणि नाट्य यांची जी विद्याशाखा आहे, ती आपले मूळ याच शाळेत शोधते.

मौलाबक्ष हे असामान्य गृहस्थ होते. १८३३ साली जन्मलेल्या या उत्तरेकडील गायकाने म्हैसूरच्या दरबारी राहून कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता. दक्षिणेत संगीताला शास्त्राची शिस्त आहे आणि उत्तरेत ती उस्तादांच्या कंठात कोंडलेली आहे, ही जाणीव त्यांना तेथे झाली असावी. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि तीत गीते व गरबे छापून शाळेसाठी क्रमिक पुस्तके सिद्ध केली. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु फळ्यावर लिहिता येणारा स्वर आणि केवळ कानात सांगता येणारा स्वर यांत अंतर केवढे आहे, याचा विचार करावा. कानात सांगायचे तर समोर एक शिष्य बसतो. फळ्यावर लिहायचे तर अख्खा वर्ग बसतो. गायनशाळेचे दार उघडले ते दरबारच्या पैशाने, पण ते उघडे राहिले खडूमुळे.

स्वरलिपीने काही हरवले, हेही मान्य केले पाहिजे. मींडेचा वळसा, आंदोलनाचा कंप, रागाच्या चेहऱ्यावरचे भाव हे कागदावर उतरत नाहीत. लिपीवर विसंबून शिकलेला विद्यार्थी पुष्कळदा रागाचा हाडांचा सापळा घेऊन घरी जातो. उस्तादांचा हा आक्षेप केवळ मत्सराचा नव्हता. मात्र ज्याला सापळाही कधी दिसला नसता, अशा मुलाच्या बाजूने पाहिले म्हणजे त्या आक्षेपाचे वजन थोडे कमी होते.

मुलींचा प्रश्न अधिक नाजूक होता. प्रतिष्ठित घरातील मुलीने गाणे म्हणजे लौकिकाला बट्टा, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती. बडोद्यात कन्याशाळेत संगीत आले ते गरब्यांच्या व भक्तिगीतांच्या सोज्ज्वळ वेषात, आणि तसे आले म्हणूनच ते टिकले. पण ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ख्याल आणि ठुमरी जिवंत ठेवली, त्या गाणारणींना या नव्या शाळांतून शिक्षिकेची जागा क्वचितच मिळाली. एका घरच्या मुलींसाठी दार उघडत असताना दुसऱ्या घरच्या मुलींसाठी ते अर्धवट लोटले जात होते, आणि त्याची फारशी वाच्यता कोणी केली नाही.

शाळा राजाश्रयाने न चालता लोकाश्रयाने चालली तर काय होते, याचे उदाहरण दूर लाहोरात घडले. बाळकृष्णबुवांचे शिष्य, कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी तेथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ साली ते मुंबईत आले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांच्या छत्राखाली तयार झाले. होतकरू शिष्यांच्या अन्नवस्त्राचा भार त्यांनी आपल्या शिरावर घेतला होता. देणग्या आणि जलसे यांवर हा संसार चालला. पण १९२४ साली मुंबईची इमारत कर्जापायी गेली. एका माणसाच्या गळ्यावर सार्वजनिक शिक्षणाचा भार टाकला, तर तो गळा कितीही समर्थ असला तरी कोठेतरी थकतोच.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हे ओळखले होते. पेशाने वकील असलेल्या या गृहस्थाने संस्थानिकांची दारे ठोठावली. १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग या शाळांचा आधार बनले. तरीसुद्धा मौज अशी, की याच भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन फैयाझ खाँसाहेबांकडे गंडा बांधून शिकले. पुस्तक आणि उस्ताद यांच्यातील भांडण त्या एका विद्यार्थ्यापुरते तरी सरकारी खर्चाने मिटले!

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. भारतभर तसा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षकाचा उल्लेख आहे, ही समाधानाची गोष्ट. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर त्या शाळेला कलेसाठी निदेशक मिळावा, तोही अंशकालीन, असे तेथे म्हटले आहे. बरोबर शंभर मुलांच्या शाळेस हा हक्क नाही; तो एकशेएकाव्या मुलाबरोबर शाळेत येतो. डोंगरातल्या आणि वाड्यापाड्यांवरच्या शाळांचे पट बहुधा या आकड्याच्या आतच राहतात. तेथे पेटी असलीच, तर ती प्रार्थनेपुरती उघडते.