1924 सालच्या तीन गोष्टी आणि आपली पोरं

सातारा-सांगलीत कुठं सतरा वर्षांचा पोरगा कोयत्यासह सापडला, की ग्रुपवर मेसेज ठरलेले : "घरच्यांनी काय वळण लावलं?" आणि "जन्माची अद्दल घडवा." ज्याचं नुकसान झालं त्याचा राग रास्तच आहे. पण हा प्रश्न आजचा नाही.

1924 साल बघा. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते.

त्या वर्षी मुंबई इलाख्यात बालकांसाठी वेगळा कायदा झाला. मुलांचा खटला मोठ्यांपासून वेगळा चालावा, हे तत्त्व त्यात आलं.

त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदाही नव्यानं मंजूर झाला. पोरानं काही केलेलं असो वा नसो, जमात नोंदली की घर गुन्हेगार. सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची मुभा सरकारला होती. कैकाडी, मांग-गारुडी, पारधी समाजानं हे भोगलं. 1952 साली तो कायदा गेला, पण शिक्का पुसला नाही.

आणि त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची गरीब पोरं एका पंगतीत जेवू लागली. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने विकले. ही काही गुन्हा केलेली पोरं नव्हती. पण गरीब घराला नावं ठेवण्यापेक्षा हात दिला की पोर उभं राहतं, हे आपल्याच मातीत दिसलं.

पुण्याच्या 2024 च्या अपघातानंतर बालन्याय म्हणजे 300 शब्दांचा निबंध, असा समज झालाय. 2015 चा कायदा वाचला तर वेगळंच दिसतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. परिविक्षा अधिकाऱ्यानं घरची परिस्थिती पाहून 15 दिवसांत अहवाल द्यायचा. मुलाबरोबर आईबापांचंही समुपदेशन करायचं.

पण जत किंवा माणमधल्या मजूर आईला तारखेला जिल्ह्याच्या गावी यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. ती आली नाही की आपण म्हणतो, बघा, घरच्यांनाच पडलेली नाही!

माझं मागणं साधं आहे. आईबापांना येण्याजाण्याचा खर्च द्या, समुपदेशन तालुक्याच्या गावी करा, अधिकारी पुरेसे नेमा. आपल्या आमदारांना हे विचारा. आणि पोरगा परत आला तर त्याला शाळेत, गॅरेजमध्ये, तालमीत जागा द्या. ते तर आपल्याच हातात आहे.